जुनी रायफल, गंज आणणारी काडतुसं आणि मुंबईची हवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कोणासाठी लिहिलं आहे?

ज्यांच्या हातात परवान्याने, नोकरीमुळे किंवा क्लबमुळे जुनी लष्करी रायफल येते त्यांच्यासाठी. त्यात निवृत्त हवालदार आहेत, शस्त्रागारात काम केलेले आहेत, आजोबांच्या परवान्यावरची रायफल पुढे सांभाळणारे आहेत. परदेशात स्थायिक झालेले आणि तिथे रशियन मोसिन-नागां किंवा ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफल विकत घेऊन बसलेले आपले भाचे-पुतणेही आहेत. व्हिडिओ कॉलवर नळीत टॉर्च मारून "मामा, हे लाल काय दिसतंय?" असं विचारणारे सगळ्यात जास्त तेच.

गोळी झाडल्यावर नळीत नक्की काय राहतं?

तीन वेगवेगळ्या गोष्टी राहतात, आणि त्या वेगळ्या आहेत हे कळलं की अर्धं काम झालं. एक म्हणजे दारू जळून झालेली काजळी. दुसरी, गोळीच्या आवरणाचं तांबं, जे नळीच्या आट्यांना घासून चिकटतं. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे क्षार.

हा क्षार येतो काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्राइमरमधून. जुन्या लष्करी प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. पिन आपटली, ठिणगी पडली की त्या क्लोरेटमधला ऑक्सिजन निघून जातो आणि मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं. म्हणजे मिठाचाच भाऊबंद. प्रत्येक गोळीमागे त्याचा पातळ थर चेंबरपासून, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या जागेपासून, तोंडापर्यंत बसत जातो. तो स्वतः लोखंड खात नाही. हवेतली ओल ओढून घेतो आणि त्या खाऱ्या ओलीत पोलादाला गंज चढतो.

पूर्वी लोक याचा दोष दारूला द्यायचे, कोणी म्हणायचं आम्ल तयार होतं. १९२२ मध्ये अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सने प्रयोग करून दाखवलं की दोषी हा क्षारच आहे. शंभर वर्षं झाली, तरी "ॲसिड मारतंय नळीला" हे वाक्य रेंजवर अजून ऐकू येतं.

मी झाडून झाल्यावर लगेच भरपूर तेल घातलं होतं. तरी गंज कसा आला?

नुसतं तेल घातलंत म्हणूनच. क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही. केरोसीन, पेट्रोल, टर्पेंटाइन यांतही नाही. तेलाचा हात फिरवला की काजळी निघते, चिंदी काळी होऊन बाहेर येते, मन समाधान पावतं. खालचा क्षार मात्र तेलाच्या पापुद्र्याखाली जिथल्या तिथे असतो. तेलाचा तो थर काही हवाबंद झाकण नाही. ओल त्यातून हळूहळू झिरपतेच. आठ दिवसांनी नळीत पाहिलं की तेलाखाली तांबूस ठिपके.

या विषयातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: आधी पाणी, मग तेल.

माझा भाचा ॲरिझोनात राहतो. तो म्हणतो, आठवडाभर तशीच ठेवली तरी काही होत नाही. मग इथे एवढी घाई कशाला?

तो त्याच्या जागी खरा आहे. वाळवंटात हवा कोरडी. पोटॅशियम क्लोराइड २५ अंश तापमानाला साधारण ८४ टक्के आर्द्रता झाली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. साध्या मिठाचा हाच आकडा ७५ च्या आसपास आहे. म्हणून तर पावसाळ्यात आपल्याकडे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, नळीतही तेच घडतं. जुलैमध्ये मुंबईची आर्द्रता ८५ च्या वर असणं ही रोजची गोष्ट. शिवाय क्षार असलेल्या पोलादाला गंज चढायला एवढी आर्द्रताही लागत नाही, त्याच्या बऱ्याच खालीही काम सुरू होतं, फक्त सावकाश.

त्यात वरळी, दादर, वांद्रे अशा समुद्राला लागून असलेल्या ठिकाणी हवेतच खारटपणा असतो. खिडकीच्या ग्रिलची अवस्था बघा, म्हणजे वेगळं सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत दुपारी हवा बरी कोरडी असते, तेव्हा त्याच संध्याकाळी धुतलं तरी चालतं. जून ते सप्टेंबर मात्र काही तासांचाच हिशेब आहे. रात्र उलटू देऊ नका.

माझ्याकडची काडतुसं अशी आहेत की नाहीत, हे ओळखायचं कसं?

नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून साधा नियम: जुनी लष्करी गोळी असेल तर ती क्षारवालीच समजा. पुराव्याचा भार "क्षार नाही" म्हणणाऱ्यावर टाका.

थोडा इतिहास उपयोगी पडतो. क्षार न सोडणारे प्राइमर जर्मनीत १९२० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. पण सैन्यांनी ते लगेच स्वीकारले नाहीत. क्लोरेटवाला प्राइमर वर्षानुवर्षं साठवला तरी दगा देत नाही, कडाक्याच्या थंडीतही पेटतो, हा सैन्याचा अनुभव होता. नळी खराब होईल तर होईल, जवान ती धुवेल, पण गोळी उडाली पाहिजे, असा सरळ हिशेब. अमेरिकेने बहुतेक दारूगोळा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बदलला, अपवाद एम-१ कार्बाइनच्या गोळ्यांचा, त्या पहिल्यापासूनच बिनक्षाराच्या होत्या. सोव्हिएत गटातल्या देशांत मात्र क्लोरेट त्यानंतरही दशकानुदशकं चालू राहिलं. म्हणून भाच्याने मोसिन-नागांसाठी स्वस्तात घेतलेला ७.६२ × ५४ गोळ्यांचा जुना डबा, डब्यावर काहीही लिहिलेलं असो, क्षारवाला धरायचा.

आपल्याकडच्या ली-एनफिल्डच्या बऱ्याच .३०३ काडतुसांच्या बुडावर 'के एफ' अक्षरं आणि वर्ष ठोकलेलं असतं. के एफ म्हणजे खडकीचा कारखाना. या जुन्या .३०३ साठीही हाच नियम.

घरगुती तपासणी करायची असेल तर झाडल्यानंतर नळीतून निघालेली पहिली कोरडी, काळी चिंदी घ्या. एक नवा लोखंडी खिळा साबणाने धुऊन, पुसून, त्यावर ती काजळी चोळा. दुसरा तसाच धुतलेला खिळा शेजारी ठेवा. दोन्ही बाल्कनीत, पाऊस लागणार नाही अशा जागी. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी उत्तर मिळतं. चोळलेला खिळा आधी लाल झाला तर विषय संपला. नाही झाला तर खात्री धरू नका, धुवाच. काडतूस उघडून, गोळी उपसून प्रयोग करण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. ते धोक्याचंही आहे आणि कायद्याच्या दृष्टीनेही अंगाशी येईल.

पाणी? पोलादाच्या नळीत? आयुष्यभर शिकवलं की हत्याराला पाणी लागू द्यायचं नाही!

शिकवणाऱ्यांनी अर्धंच सांगितलं. .३०३ च्या काळात ब्रिटिश आणि नंतर आपल्या सैन्यात झाडल्यानंतर नळीतून उकळतं पाणी ओतायची रीतसर पद्धत होती, त्यासाठी खास नरसाळं मिळायचं. पाणी नळीला मारत नाही, नळीत राहिलेलं पाणी मारतं.

घरी किंवा क्लबात कसं करायचं ते सविस्तर सांगतो. इथे घाई केली की सगळं वाया.

सर्वांत आधी रायफल रिकामी आहे का ते पाहा. मॅगझिन काढा, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) मागे घ्या, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. हे झाल्याशिवाय किटली गॅसवर ठेवायची नाही.

मग बोल्ट पूर्ण बाहेर काढा. न्हाणीघरात बादली ठेवा, तळाशी जुन्या टॉवेलची घडी. रायफलचं तोंड खाली, दस्ता वर, किंचित तिरकी. तोंड फरशीला किंवा बादलीच्या तळाला टेकता कामा नये. नळीच्या तोंडाची कड ही अचूकतेची जागा, तिथे टवका उडाला की नेम गेला. खाली उतारावर धरल्याने पाणी मॅगझिनच्या खाचेत आणि लाकडाखाली जात नाही.

नरसाळ्याला हातभर सिलिकॉनची नळी जोडा आणि तिचं टोक चेंबरमध्ये बसवा. साधी पारदर्शक प्लास्टिक नळी उकळत्या पाण्याने मऊ पडते, निसटते आणि पाणी मांडीवर येतं. सिलिकॉनची घ्या, नागदेवी स्ट्रीटला मीटरवर मिळते. आता पाणी सावकाश ओता. एकूण दोन ते तीन लिटर. पहिलं पाणी राखाडी-काळं येईल, मग पिवळट, मग स्वच्छ. मध्ये एकदा थांबून पितळी किंवा नायलॉनचा ब्रश ओल्यातच दोन-चार वेळा आरपार फिरवा आणि पुन्हा पाणी. काजळीच्या पापुद्र्याखाली अडकलेला क्षार त्यानेच सुटतो.

या वेळी नळी इतकी तापते की हात लावता येत नाही. रायफल लाकडाला धरूनच हाताळा. त्या तापण्याचाच फायदा असा की आतलं पाणी आपोआप उडून जातं. तरीही कोरड्या चिंद्या एकामागून एक घाला, शेवटची कोरडी आणि पांढरी बाहेर येईपर्यंत. चेंबरसाठी वेगळी, जाड चिंदी. आणि मग नळी कोमट असतानाच तेल. कोमट पोलादावर तेल छान पसरतं.

दुसऱ्या दिवशी एक चिंदी घालून पाहा, आठ दिवसांनी पुन्हा एकदा. लालसर आली तर अख्खी क्रिया पुन्हा करा. तांब्याच्या थराखाली क्षार दडलेला असू शकतो.

उकळतंच पाणी लागतं का?

नाही. क्षार थंड पाण्यातही सहज विरघळतो: १०० मिली पाण्यात २० अंशाला सुमारे ३४ ग्रॅम, उकळत्या पाण्यात सुमारे ५६ ग्रॅम. नळीत असतो तो एवढाही नाही. उकळत्या पाण्याचा खरा उपयोग वाळवण्यासाठी. थंड पाणी वापरलंत तर चिंद्या दुप्पट आणि धीर तिप्पट लागेल.

पाणी कोणतं घ्यावं? आमच्या सोसायटीत बोअरिंगचं आहे.

बोअरिंगचं नको. मुंबईत बऱ्याच ठिकाणी ते खारं लागतं, आणि खारं पाणी घालून क्षार काढण्यात काय अर्थ? पालिकेचं नळाचं पाणी, प्यायला भरलेलं, उत्तम. टँकरच्या पाण्याचा भरवसा नसेल तर शेवटचा लिटर फिल्टरचा वापरा.

काच पुसायचं निळं द्रव मारलं तर चालतं, असं ऐकलं. त्यातल्या अमोनियाने क्षार 'मरतो' म्हणे.

क्षार मरत नाही. तो आम्लही नाही की अमोनियाने शमावा. त्या बाटलीत बहुतांश पाणी असतं आणि काम पाणीच करतं. म्हणजे तुम्ही महाग पाणी विकत घेताय. अमोनिया तांब्याचा थर थोडा सैल करतो हे खरं, पण त्यासाठी वेगळी सॉल्व्हंट आहेत. रेंजवर दुसरं काहीच नसेल तर दोन फवारे मारायला हरकत नाही, घरी येऊन पाण्याने धुवायचंच.

आणि डब्ल्यूडी-४०?

पाण्यानंतर, तेलाआधी, एक फवारा. कोपऱ्यांतलं उरलेलं पाणी बाहेर ढकलण्यासाठी ते चांगलं. ते बनलंच त्यासाठी. पण त्याचा थर टिकत नाही, क्षारही ते काढत नाही. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं म्हणून लोक त्यालाच सर्वस्व मानतात, तेवढं करू नका.

हॉप्पीज नंबर नाइन किंवा तत्सम सॉल्व्हंट माझ्याकडे आहे. ते पुरेल ना?

काजळी आणि तांब्यासाठी पुरेल. क्षारासाठी नाही. आधी पाणी.

रेंजवरून घरी पोचायला तीन तास लागतात. तोपर्यंत?

पाण्याची बाटली आणि मूठभर चिंद्या सोबत ठेवा. शेवटची फैर झाली, रायफल तपासून रिकामी केली, की दोन-तीन ओल्या चिंद्या, मग चार कोरड्या, मग एक तेलाची. पाच मिनिटांचं काम. याने पूर्ण सफाई होत नाही, पण रेल्वे फाटक, पाऊस आणि घाटकोपरचं ट्रॅफिक यांची चिंता उरत नाही. बंद केसमध्ये ओली रायफल घेऊन प्रवास करणं सर्वांत वाईट. चामड्याची असो की फोमची, केस ओल धरून ठेवते. घरी पोचल्यावर पहिलं काम केस उघडायचं, चहा नंतर.

फक्त नळी धुतली की झालं?

नाही, आणि बहुतेक जण इथेच फसतात. क्षार मागेही येतो. बोल्टचं तोंड, पिनचं भोक, एक्स्ट्रॅक्टरची (रिकामं काडतूस ओढून काढणारी) नखी आणि तिच्याखालची खाच या जागा ओल्या चिंदीने, मग जुन्या टूथब्रशने पुसा. ली-एनफिल्डचं बोल्ट हेड, म्हणजे बोल्टचं पुढचं सुटं टोक, आटे फिरवून निघतं. ते काढा, आतून ओलं-कोरडं-तेल करा आणि त्याच बोल्टला परत लावा. दोन रायफली एका वेळी उघडल्या असतील तर हेड बदलू देऊ नका. हेडच्या लांबीवर काडतुसाची मागची जागा ठरते, दुसऱ्याचं बसवलं तर ती जागा बिघडते आणि मग काडतूस फाटण्याचा धोका. शस्त्रागारात म्हणूनच प्रत्येक रायफलच्या बोल्टवर तिचाच नंबर ठोकलेला असतो.

नळीचं तोंड आणि फोरसाइट म्हणजे पुढच्या माशीभोवतालची लोखंडी टोपीही विसरू नका. तिथे काजळीचा फवारा बसतो आणि आतल्या कोपऱ्यात गंज गुपचूप वाढतो.

माझ्या भाच्याकडे एसकेएस ही सोव्हिएत रायफल आहे. तिलाही असंच?

तिला जास्त. अर्ध-स्वयंचलित रायफलीत नळीतला गॅस एका भोकातून पिस्टनकडे जातो, आणि गॅसबरोबर क्षारही जातो. गॅस ट्यूब, पिस्टन, गॅस ब्लॉक, सगळं काढून पाण्यात बुचकळून घासायचं आणि वाळवायचं. नळी आतून क्रोम लावलेली असेल तर नळी वाचते, म्हणून लोक निश्चिंत होतात आणि पिस्टन मात्र गंजून जातो. क्रोम सगळीकडे नसतं, हे लक्षात असू द्या. अमेरिकी गॅरंडसारख्या रायफलीत मागून रॉड (सफाईचा गज) जात नाही, तोंडाकडून घालावा लागतो, तेव्हा तोंडाला पितळी गाइड लावल्याशिवाय रॉड घालू नका.

पुल-थ्रू (नळीतून चिंदी ओढायची दोरी) चांगला की रॉड?

ज्यांनी एनसीसीत किंवा पोलिसात पुल-थ्रू ओढलाय त्यांना तो सोडवत नाही. दस्त्यातल्या झाकणामागे पितळी तेलाची बाटली आणि गुंडाळलेली दोरी, टोकाला पितळी वजन, ती ठेवण वाखाणण्यासारखीच होती. ४ बाय २ इंचांची फ्लॅनेलची चिंदी फाशात अडकवली की एका दमात आरपार.

एक दोष आहे. दोरी तिरकी ओढली की ती नळीच्या तोंडाला एकाच बाजूला घासते. दोरीत धूळ असेल तर ती कानशीसारखं काम करते, आणि वर्षानुवर्षं वापरलेल्या काही रायफलींच्या तोंडाला याच कारणाने खोबण पडलेली दिसते. ओढायची असेल तर दोरी नळीच्या रेषेत, सरळ, आणि आधी दोरी धुऊन घ्या. तारेची जाळी लावून खरडण्याचा प्रकार तर आता बंदच करा. घरी पितळी किंवा प्लास्टिकचं आवरण असलेला एकसंध रॉड, तोही मागून. बोल्ट सरळ मागून बाहेर निघतो त्या प्रत्येक रायफलीत हे शक्य आहे.

लाकूड काढून खालून साफ करावं का?

दर वेळी नको. ली-एनफिल्डची नळी लाकडात एका ठरावीक दाबाने बसवलेली असते, वारंवार काढघाल केली की ती बसणी ढिली पडते आणि गोळ्या पसरायला लागतात. पावसाळा संपला की एकदा, आणि तेही माहितगाराकडून.

एक गोष्ट मात्र जरूर सांगतो. ली-एनफिल्डच्या जुन्या नंबर १ मार्क ३ मध्ये दस्ता धरून ठेवणाऱ्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला असलेल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता आधी दस्त्याचा तो बोल्ट फिरवलात तर पट्टी फिरते आणि पुढचं लाकूड उभं चिरतं. कडकन आवाज येतो, त्यानंतर काही करता येत नाही. आधी पुढचं लाकूड, मग दस्ता.

लाकडाला जवसाचं कच्चं तेल, तळहाताने चोळून. ते तेल लागलेले बोळे मात्र कोपऱ्यात गोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि ढिगातले बोळे आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवून किंवा उन्हात एकेक पसरून मगच फेका.

गंज आधीच पकडला आहे. आता?

वरचा लाल गंज असेल तर तेल आणि सर्वांत बारीक, चार शून्यांची पोलादी लोकर. बाहेरून हलक्या हाताने. आत ब्रशला तेलाची चिंदी गुंडाळून. पॉलिश पेपर हातात घेऊ नका, निळा-काळा रंग गंजाच्या आधी निघून जाईल. गंज काढल्यावर खाली बारीक काळे खड्डे दिसले तर ते भरून येत नाहीत. घाबरायचंही कारण नाही, खड्डे पडलेल्या नळ्या चांगल्या मारताना पाहिल्या आहेत. फक्त त्या खड्ड्यांत क्षार आणि तांबं जास्त साचतं, त्यामुळे अशा रायफलीला पुढे दुप्पट धुणं आलं. चेंबरमध्ये खोल खड्डे असतील तर झाडू नका, परवानाधारक कारागिराला दाखवा.

खोबरेल तेल चालेल का? आजोबा तेच लावायचे.

आजोबांच्या वेळी घरात तेच होतं. खोबरेल थंडीत थिजतं, जुनं झालं की खवट होतं आणि चिकट थर करतं. शिवणयंत्राचं पातळ तेल त्यापेक्षा बरं. पावसाळाभर रायफल बाहेर निघणार नसेल तर बाहेरच्या धातूला बिनसुगंधी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. सैन्यातही साठवणीसाठी मिनरल जेली वापरायचे.

ठेवायची कुठे?

कुलूपबंद लोखंडी कपाटात, केसबाहेर, उभी. बाहेरच्या भिंतीला, विशेषतः ओल धरणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला, कपाट चिकटवू नका. खालच्या फळीवर सिलिका जेलच्या पिशव्या. निळे दाणे गुलाबी झाले की ते भरले, ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको. पूर्वी लोक कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायचे. तापमान दोन-तीन अंशांनी वाढलं की आतली आर्द्रता खाली येते, त्यामागचं कारण इतकंच. आता त्यासाठी कमी वॉटचे हीटर रॉड मिळतात, ते जास्त सुरक्षित.

पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून तेलाच्या फडक्याने पुसा. बोटांचे ठसेही खारटच असतात.

गावी आमची ठासणीची बंदूक आहे. तिचं काय?

कोकणात रानडुकरं आणि वानरांपासून शेती राखायला परवान्याची ठासणीची बंदूक अनेक घरांत आहे, आणि पावसातच ती सर्वांत जास्त वापरात असते. काळ्या दारूची राख प्राइमरच्या क्षारापेक्षा वेगळी असली तरी तशीच ओल ओढते, शिवाय तिच्यात गंधकाची संयुगं असतात. इलाज तोच: गरम पाणी, त्यात थोडा साबण, मग साधं गरम पाणी, मग कोरडं, मग तेल. तोटीचं बारीक भोक पिनेने मोकळं करा. जुन्या जाणत्यांना हे सांगावं लागत नाही, ते कित्येक पिढ्या असंच धुतात. नळीत ठासलेली दारू नाही ना, हे गज आत घालून आणि तो बाहेरून नळीला लावून मोजल्याशिवाय मात्र काहीही करू नका.

.२२ आणि एअर रायफलला पण पाणी घालू?

नको. आधुनिक .२२ च्या गोळीत क्षार नसतो, एअर रायफलीत तर प्राइमरच नाही. अति सफाईने या नळ्यांचंच जास्त नुकसान होतं.

परवान्याबद्दल थोडं सांगा. वडील वारले, रायफल घरात आहे, मी फक्त साफ करत होतो.

हे गंभीर आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवानाधारक वारला की त्याचं शस्त्र घरात ठेवून साफ करत बसणं चालत नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ते लगेच जमा करायचं आणि मग स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. मुंबईत परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो. .३०३ ही प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते आणि त्या गटाचा अधिकार केंद्रीय गृहखात्याकडे आहे, त्यामुळे तिचा विषय अधिक किचकट. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन शस्त्रांवर आली, हेही बघून घ्या. जमा करण्याआधी धुऊन, वाळवून, तेल लावून द्या आणि पावतीवर रायफलीचा व बोल्टचा नंबर लिहून घ्या. गोदामात ती किती पावसाळे काढेल, हे आपल्या हातात नसतं.

पुन्हा झाडण्याआधी काही करायचं?

नळीतलं तेल किंवा जेली पूर्ण काढायची. कोरड्या चिंद्या, नळी आणि चेंबर दोन्हीकडे. चेंबरमध्ये तेल राहिलं तर काडतूस भिंतीला पकड घेत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. नळीत जेलीचा गोळा राहिला तर नळी फुगू शकते. उजेडाकडे धरून मागून एकदा आरपार पाहा. गोल, स्वच्छ प्रकाश दिसला तरच काडतुसांची पेटी उघडायची.